गिअरबॉक्स इंजिनपासून सुटत नाही: बोल्ट सगळे काढले, एका बाजूला फट आली, दुसरी बाजू जाम

उभा_पिस्टन

डिझेल पिकअप, इंजिन लांबीत बसवलेलं, मागची चाकं ओढणारी, पाच गिअर. ब्लॉक बिडाचा, बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडणारा घंटेसारखा भाग) ॲल्युमिनियमची. प्रोपेलर शाफ्ट, गिअर लिव्हर, स्टार्टर, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, रिव्हर्स लाइटची वायर, मागचं माउंटिंग आणि क्रॉस मेंबर काढून झालंय. बेल हाउसिंगचे बोल्ट मोजून काढले. गिअरबॉक्स जॅकवर आहे.

मागून पाहिलं तर वर डावीकडे ४ मिमी फट आली आहे, खाली उजवीकडे शून्य. टॉमी (लोखंडी पहार) घालून आणखी जोर लावायचा की काही वेगळं करायचं?

सतरा_एकोणीस

आधी टॉमी खाली ठेवा. ती फट काय सांगतेय ते वाचायचं.

चार ठिकाणी मोजा. घड्याळाप्रमाणे धरू: १, ४, ७ आणि ११. ड्रिल बिटचा दांडा फटीत सरकवला तरी चालतं, ३ मिमीचा जातो, ४ चा जात नाही, इतका अंदाज पुरतो. मग असं:

चारही ठिकाणी शून्य असेल तर बोल्ट राहिलाय किंवा दोन्ही डॉवेल (दोन भाग एका रेषेत धरणाऱ्या गोल पिना) गंजलेत.

एका बाजूला उघडली आणि समोरच्या बाजूला शून्य असेल तर शून्याच्या बाजूला बोल्ट राहिलाय किंवा त्या बाजूचा डॉवेल धरून बसलाय. तुमचं हे आहे.

चारही ठिकाणी सारखी दहा-बारा मिमी उघडून थांबली तर डॉवेल सुटलेत, आता इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून पुढे क्लचमध्ये घुसणारा दांडा) अडकलाय. क्लच प्लेटच्या स्प्लाइनमध्ये (प्लेट आणि दांडा गुंतवणाऱ्या उभ्या खाचांत), नाहीतर शाफ्टचं टोक धरणाऱ्या, क्रँकच्या टोकाच्या पायलट बेअरिंगमध्ये.

आणि ओढल्यावर उघडते, सोडल्यावर स्प्रिंगसारखी मागे जाते, असं असेल तर ओढून सुटणारा क्लच आहे. म्हणजे रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्लेटच्या) पाकळ्यांत अडकवलेलं असतं. तो प्रकार वेगळा, खाली कोणी विचारलं तर लिहितो.

ग्रीसगन

मोजून काढले म्हणजे कशाशी ताडून मोजले? हातात आलेले बोल्ट मोजून उपयोग नाही, बेल हाउसिंगच्या कडेची भोकं मोजायची. पुठ्ठ्यावर कडेचा आकार काढा, प्रत्येक भोकाला बोल्ट खोचत जा. रिकामं भोक राहिलं की उत्तर मिळालं. जोडताना लांब-आखूड बोल्टांचा घोळही होत नाही.

हमखास राहणाऱ्या जागा सांगतो.

सगळ्यात वरचे दोन, हेडच्या मागे. ते दिसत नाहीत, हाताला लागतात. इंजिनची शेपूट थोडी खाली झुकवून, मागून गिअरबॉक्सवरून ६०-७० सेंमीचं एक्स्टेन्शन आणि टोकाला युनिव्हर्सल जॉइंट लावून गोटी (सॉकेट) पोचते.

स्टार्टरचा एखादा बोल्ट बऱ्याच गाड्यांत बेल हाउसिंगमधून आरपार जातो. स्टार्टर काढताना तो आपोआप निघतो. पण स्टार्टर नुसता बाजूला टांगून ठेवला असेल आणि त्याचा खालचा बोल्ट भलत्याच ब्रॅकेटचा समजून सोडला असेल तर तोच धरून बसतो.

खालच्या फ्लायव्हील कव्हरचे छोटे बोल्ट, १० किंवा १२ च्या डोक्याचे. ऑईल आणि मातीचा थर इतका बसतो की डोकं दिसतच नाही. तारेच्या ब्रशने खरवडल्याशिवाय ‘नाहीये’ म्हणू नका.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी तिरकी आधारपट्टी आणि सायलेन्सर पाइपचा ब्रॅकेट.

शेवटचा आणि सगळ्यात फसवा: उलटा बोल्ट. बाकी सगळे गिअरबॉक्सच्या बाजूने आत जातात, एखाद-दुसरा इंजिनच्या बाजूने येऊन बेल हाउसिंगच्या आट्यात बसतो. मागून पाहणाऱ्याला त्याचं डोकं दिसतच नाही. मोबाइलचा कॅमेरा चालू करून पूर्ण कडेने फिरवा.

उभा_पिस्टन

पुठ्ठ्याची युक्ती केली. ९ भोकं, ९ बोल्ट. खालचं कव्हर निघालेलं आहे. उलटा एक होता, तो आधीच काढलाय. डॉवेल दोन दिसतात, अंदाजे ११ वर आणि ५ वर. फट: ११ ला ४ मिमी, १ ला ३, ७ ला १, ५ ला शून्य.

सतरा_एकोणीस

म्हणजे ५ चा डॉवेल. आणि आता तुम्ही ११ कडे जितकं जास्त उघडाल तितका तो घट्ट होईल. कपाटाचा खण एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन अडकतो, तसंच हे. स्टीलची गोल पिन, ॲल्युमिनियमचं तंतोतंत भोक. दोन अंश तिरपं झालं तरी पिनेची कड भोकात रुतते.

म्हणून पहिलं काम उलटं वाटेल: ११ कडची फट पुन्हा बंद करा. एक लांब बोल्ट हाताने फिरवत १ मिमीवर आणा. दोन्हीकडची फट कधीही दीड-दोन मिमीपेक्षा जास्त वेगळी राहू द्यायची नाही. आता जोर फक्त ५ कडे.

त्याआधी दोन गोष्टी करा. एक, वरच्या दोन भोकांत मार्गदर्शक स्टड घाला: त्याच आट्याचे १०० मिमी लांब बोल्ट, डोकी हॅक्सॉने कापायची, टोकाला पेचकसाची खाच पाडायची. गिअरबॉक्स सरळ मागे सरकतो आणि अचानक सुटला तर त्यावर टेकतो. दोन, ५ च्या जवळचा एक आणि समोरचा एक बोल्ट चार-पाच आटे घालून ठेवा, डोक्याखाली ८-१० मिमी मोकळं. सुटेल तेव्हा एवढंच सुटेल, अंगावर येणार नाही.

डिझेलधूर

चेन ब्लॉक मागच्या ॲक्सलला अडकवून गिअरबॉक्सच्या शेपटीला ओढ दिली की येतो की. दहा मिनिटांचं काम.

सतरा_एकोणीस

येतो, पण काय काय घेऊन येतो ते पाहावं लागतं. शेपटीला ओढ म्हणजे डॉवेलपासून बऱ्याच अंतरावरचा जोर, थोडा जरी बाजूला गेला तरी सगळा जोर पिनेच्या भोवतीच्या ॲल्युमिनियमच्या कानावर. कान तडकतो. तडकला की हाउसिंग भंगार, कारण डॉवेलची जागा वेल्डिंग करून पुन्हा अचूक भोक पाडणं हे लेथवाल्याचंही मोठं काम आहे. भोक पाव मिमी सरकलं तरी इनपुट शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत राहत नाहीत, मग पायलट बेअरिंग खाणार, पुढचं बेअरिंग आवाज करणार, क्लच प्लेटचा हब (मधला भाग) सैल होणार.

क्लचवायर

डॉवेल का धरतो ते सांगतो म्हणजे उपाय आपोआप कळेल. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून, वर पाणी. कुजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पिनेभोवती पाचरीसारखी ठासून बसते. पिन खालच्या बाजूची असेल तर पाणी आणि चिखल तिथेच साठतो, म्हणून वरची सुटते, खालची नाही.

तर क्रम असा. फटीत आणि डॉवेलच्या मागच्या उघड्या टोकाला (भोक आरपार असेल तर) गंज सोडवणारं ऑईल मारा. थोडं मारून वीस मिनिटांनी पुन्हा थोडं, असं चार-पाचदा, जमलं तर रात्रभर. एकदम डबा रिकामा करून फायदा नाही, ते खाली गळतं आणि क्लचवर जातं.

मग उष्णता. हीट गनने पिनेभोवतीचा ॲल्युमिनियमचा कान तापवायचा, पिन नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. १६ मिमीच्या भोकाला १०० अंश चढवले की भोक साधारण चार शतांश मिमीने मोठं होतं. पिन तेवढीच तापली तरी तिची वाढ त्याच्या निम्मी, आणि ती बिडाच्या गार ब्लॉकमध्ये रुतलेली असल्याने तेवढी तापतही नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा: चुर्र करून उडाला की पुरे. थेंब गोळी होऊन नाचायला लागला तर जास्त झालं, थांबा.

गॅस कटरची ज्योत नको. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, थेट मऊ होऊन खचतं. शिवाय तिथे डिझेलच्या नळ्या, वायरिंग आणि आताच मारलेलं ऑईल. ऑईल आधी फडक्याने पुसून घ्या, हीट गनलाही ते पेटू शकतं.

ग्रीसगन

उष्णतेला माझा थोडा विरोध आहे, निदान पहिल्या फेरीत. आधी हादरा देऊन पाहा. कानाच्या बाजूवर, पिनेच्या शेजारी, लाकडी ठोकळा धरून एक किलोच्या हातोडीने चटचटीत फटके. जोरात नाही, पटपट. डावीकडून पाच, उजवीकडून पाच, मग मागून पुढे एक-दोन. गंज हा ठिसूळ असतो, कंपनाने तुटतो. एकच मोठा घाव घातला तर कान तुटतो, गंज नाही.

ऑईल – हादरा – ऑईल – हादरा. यात न सुटलेल्याला हीट गन.

क्लचवायर

मान्य. मी उष्णता आधी सांगितली कारण त्यांची खालची पिन आहे आणि पूर्ण शून्य आहे. पण क्रम तुमचाच ठेवा.

लांब_एक्स्टेन्शन

मधेच घुसतो. उलट्या बोल्टाचा एक उपयोग कोणी सांगितला नाही. इंजिनच्या बाजूने येऊन गिअरबॉक्सच्या आट्यात बसणारा बोल्ट जाम पिनेच्या जवळ असेल तर तो पुन्हा लावा, मग चार आटे सैल करा. निदान १० मिमी आटे आत राहिले पाहिजेत. आता त्याच्या डोक्यावर पितळी दांडा ठेवून हलके ठोका. बोल्ट गिअरबॉक्सला सरळ मागे ढकलतो, तेही पिनेच्या शेजारीच. डोकं टेकलं की परत चार आटे सैल. जोरात ठोकलं तर ॲल्युमिनियमचे आटे उपटतील, तेवढं भान ठेवा.

काही हाउसिंगमध्ये कडेला आटे पाडलेलं एखादं भोक असतं ज्यात कुठलाच बोल्ट नव्हता. ते ढकल-बोल्टासाठीच. त्याच आट्याचा लांब बोल्ट आत फिरवला की तो ब्लॉकवर टेकून हाउसिंग मागे सारतो. पाव फेरी इथे, पाव फेरी समोर.

उभा_पिस्टन

उलटा बोल्ट ४ वर आहे, पिनेपासून चार बोटं. पाचर वापरायची झाली तर कुठे घालू? इंजिन आणि हाउसिंगच्या मध्ये पातळ पत्रा दिसतोय.

सतरा_एकोणीस

तो पत्रा इंजिनचाच, मागची प्लेट. पाचर पत्रा आणि हाउसिंगच्या मध्ये. पत्रा आणि ब्लॉकच्या मध्ये घातली तर पत्रा वाकेल, पुढे फ्लायव्हीलला घासेल आणि आवाज कुठून येतो ते शोधत बसाल.

पाचर बारीक उताराची, कठीण लाकडाची किंवा चपटी स्टीलची, रुंदी निदान २५ मिमी. दोन हव्यात, पिनेच्या दोन्ही अंगांना. पेचकस किंवा छिन्नी नको: अणकुचीदार टोक कडेला खड्डा पाडतं, त्याची वर आलेली कड जोडताना हाउसिंगला तिरपं बसवते. पडलाच खड्डा तर सपाट कानशीने फक्त वर आलेलं काढायचं, आजूबाजूचं पृष्ठ घासायचं नाही.

आणि इंजिनची शेपूट. क्रॉस मेंबर काढलंय म्हणजे इंजिन मागे झुकलेलं असणार. ऑईल चेंबरखाली लाकडी फळी देऊन दुसरा जॅक लावा. गिअरबॉक्सचा जॅक इतका वर-खाली करा की फट वर-खाली सारखी दिसेल. निम्मे ‘जाम’ गिअरबॉक्स जाम नसतातच, जॅकची उंची चुकलेली असते. गाडी घोड्यांवर (स्टँडवर), कडक जमिनीवर, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. हे तुम्ही केलंच असेल.

उभा_पिस्टन

स्थिती: फट समान केली, तीन फेऱ्या ऑईल आणि हादरा, मग हीट गन, मग उलट्या बोल्टावर ठोके. ५ ची पिन सुटली. तपकिरी-पांढरी भुकटी खाली पडली. दोन्ही बाजू सारख्या उघडत १२ मिमीपर्यंत आल्या आणि चारही ठिकाणी पुन्हा थांबलं. ओढलं की एखादा मिमी लवचिक वाटतं, पुढे भिंत.

सतरा_एकोणीस

पिना सुटल्या. आता शाफ्ट.

इथे सगळ्यात महत्त्वाचं: जॅक खाली करून गिअरबॉक्स वजनाने सुटेल अशी आशा करू नका. गिअरबॉक्सचं सगळं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटच्या हबवर लटकतं. प्लेट बशीसारखी वाकते. त्यानंतर पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, पहिला गिअर कर्रकर्र करतो.

तो एक मिमीचा लवचिकपणा म्हणजे शाफ्ट क्लच प्लेटला आपल्याबरोबर ओढतोय. प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये काही शे किलोंच्या दाबात धरलेली आहे, ती येणार नाही. म्हणजे बहुधा स्प्लाइन गंजलेत. पायलट बेअरिंग जाम असेल तर अशी लवचिकता सहसा नसते, एकदम ठणठणीत अडतं.

क्लचवायर

उपाय एकच आणि तो दोन्हीला लागू: प्रेशर प्लेट फ्लायव्हीलपासून सोडा. खालचं कव्हर काढलंय, म्हणजे तिथून वाट आहे. बहुतेक गाड्यांत ६ बोल्ट, ८ मिमी आट्याचे, १२ किंवा १३ ची रिंग. क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन फिरवत एकेक बोल्ट खिडकीसमोर आणा. वाट अरुंद वाटली तर हाउसिंग पुन्हा ५-६ मिमी आत ढकला, पाना बसायला जागा बदलते.

एका वेळी फक्त एक फेरी. सहाही बोल्टांना एक फेरी, मग दुसरी. डायफ्राम स्प्रिंगचा (प्रेशर प्लेटमधल्या पाकळ्यांच्या स्प्रिंगचा) दाब हळूहळू उतरतो. एकच बोल्ट पूर्ण काढला तर कव्हर मुरडतं आणि उरलेल्यांच्या आट्यांवर सगळा भार येतो. शेवटच्या फेऱ्या बोटांनी होतात.

बोल्ट निघाले की क्लच शाफ्टवर मोकळा होतो. आता गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाका, शेपटीला मागचा फ्लँज धरून ठेवा, आणि क्रँक अर्धी फेरी मागेपुढे करा. पायलट बेअरिंग गंजलं असेल तर ते इथे तुटून मोकळं होतं, कारण आता क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला असतो. मग सरळ मागे. शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत १५-२० सेंमी सरळ सरकवायचं, त्याआधी जॅक खाली नाही. क्लच सगळा गिअरबॉक्सबरोबर येईल, त्याचं वजन पोटाशी धरा, खाली आपटू देऊ नका. कव्हर फ्लायव्हीलच्या छोट्या पिनांवर अडलं तर कडेवर लाकडाने हलका टोला.

आडवं_इंजिन

पुढची चाकं ओढणाऱ्या, आडव्या इंजिनच्या गाडीत हे कितपत लागू?

ग्रीसगन

डॉवेल आणि बोल्टांचं सगळं लागू. तिथे पोकळ डॉवेल जास्त आढळतात, ज्यातून बोल्ट जातो. बोल्ट निघतो पण नळी गंजलेली राहते, म्हणून ऑईल त्या भोकातूनच मारा, थेट पोचतं. पायलट बेअरिंग बऱ्याच आडव्या गिअरबॉक्सना नसतंच, तेवढी एक शंका कमी.

अडचण जागेची. मागे सरकायला चॅसी आड येते, आणि गिअरबॉक्स जाम नसून सबफ्रेमला किंवा माउंटिंगच्या कानाला टेकलेला असतो. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर आहेत ना पाहा, त्याआधी गिअर ऑईल काढा. फ्लायव्हीलजवळचा स्पीड सेन्सर आधीच काढा, तो हाउसिंग सरकताना कापला जातो. इंजिनला वरून आडव्या दांड्याने टांगलेलं बरं.

आडवं_इंजिन

आणि तो ओढून सुटणारा क्लच?

सतरा_एकोणीस

त्यात फोर्क (बेअरिंग हलवणारा काटा) पाकळ्या दाबत नाही, मागे ओढतो. बेअरिंग पाकळ्यांत रिंगने अडकलेलं असतं. हाउसिंगवर रबरी बूट किंवा बुच काढलं की फोर्कची पिन दिसते. पिनेला आटे असतील तर त्यात बोल्ट घालून ती बाहेर ओढतात, फोर्क सुटतो, बेअरिंग क्लचवरच राहतं. काहींत पेचकसाने रिंग फिरवून बेअरिंग सोडवतात. हे न करता ओढलं तर पाकळ्या वाकतात.

उभा_पिस्टन

निघाला. स्प्लाइनच होते, क्लच प्लेट शाफ्टवर लाल गंजाने वेल्डिंगसारखी बसली आहे, प्रेशर प्लेट मागे मोकळी. पायलट बेअरिंग बोटाने फिरतंय पण खरखरतंय. प्लेट शाफ्टवरून कशी काढू, आणि बसवताना पुन्हा असं होऊ नये म्हणून?

क्लचवायर

गिअरबॉक्स उभा करा, शाफ्ट वर. स्प्लाइनमध्ये ऑईल, तासाभराने हबच्या मागच्या बाजूवर पितळी दांड्याने आळीपाळीने चार ठिकाणी. फेसिंगवर (प्लेटच्या घर्षणाच्या पट्टीवर) किंवा स्प्रिंगांवर मारू नका. प्लेट टाकाऊच आहे, पण शाफ्ट पुन्हा वापरायचाय, आणि त्याच्या मागे पुढचं बेअरिंग आहे. शाफ्टला खाली ठोके द्यायचे नाहीत. तीन पायांचा पुलर बसला तर उत्तम.

स्प्लाइन तारेच्या ब्रशने आणि डिझेलने धुवा. कानस नको. नवी प्लेट क्लचला जोडण्याआधी नुसती शाफ्टवर घालून पाहा: दोन बोटांनी पूर्ण लांबी सरकली पाहिजे. मग स्प्लाइनला ग्रीसचा इतका पातळ थर की रंग जेमतेम दिसेल, प्लेट दोनदा सरकवून बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त लावलं तर ते फेसिंगवर उडतं आणि नवा क्लच घसरतो. पायलट बेअरिंग बदला, खरखर म्हणजे ते संपलंय.

जुन्या क्लचची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

सतरा_एकोणीस

डॉवेल ब्लॉकमध्ये सैल झालेत का पाहा, झाले असतील तर बदला. भोकं बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून साफ करा, मोठी करू नका. पिनेवर ग्रीसचं बोट.

जोडताना हाउसिंग हाताने ब्लॉकला टेकली पाहिजे. ८-१० मिमीवर अडली आणि बोल्ट आवळून ओढायचा मोह झाला तर थांबा, स्प्लाइन जुळलेले नाहीत किंवा प्लेट मध्यावर नाही. गिअरमध्ये टाकून शेपटीचा फ्लँज थोडा फिरवा, सरकेल. बोल्ट ओढून बसवलेले कान जोडतानाच तुटतात. आवळताना १० मिमी आट्याला साधारण ४०-५० न्यूटन-मीटर, १२ ला ६०-८०, गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो शेवटचा. आधी सगळे हाताने, मग समोरासमोर.

उभा_पिस्टन

वरचा डॉवेल ब्लॉकमध्ये बोटाने फिरतोय. नवीन घेताना लांबी कशी ठरवू?

लांब_एक्स्टेन्शन

खालचा जितका बाहेर आहे तितकाच. व्हर्नियरने मोजा, ब्लॉकपासून नाही, मागच्या पत्र्यापासून. नव्या पिनेची लांबी एक-दोन मिमी जास्त असेल तर ती हाउसिंगच्या भोकाच्या तळाला टेकते आणि हाउसिंग टेकत नाही, मग वरच्यासारखाच ‘अडकला’ असा चर्चेचा धागा उलट्या बाजूने काढावा लागेल. भोक सैल झालं असेल तर पिन बसवताना बेअरिंग धरून ठेवणारा लॉकिंग द्रव लावा, पण फक्त ब्लॉकमधल्या अर्ध्या भागाला. बाहेर आलेला पुसून टाका आणि सुकेपर्यंत हाउसिंग चढवू नका.